डिस्क-परीक्षण व सर्व्हरमधील स्मृतिवापर

डिस्क-परीक्षण व सर्व्हरमधील स्मृतिवापर : अनेक वापरणाऱ्यांना एकाच वेळी माहिती व सेवा पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. त्यास जोडलेल्या डिस्कचा (माहिती कायम स्वरूपात साठविणाऱ्या साधनाचा) वेग व निर्दोषपणा अजमावण्यासाठी तिच्यावर मोठ्या प्रमाणात लेखन व वाचन करून पाहतात. यास डिस्क-परीक्षण म्हणतात. असे परीक्षण चालू असताना सर्व्हरच्या मुख्य स्मृतीचा (वीजपुरवठा असेपर्यंतच माहिती धरून ठेवणाऱ्या जलद साठवणीचा) वापर वाढत जातो व काही मिनिटांत ती जवळजवळ पूर्ण भरल्याचे दिसते. ही वाढ बहुतेक वेळा दोष नसून परिचालन प्रणालीच्या (संगणकाच्या सर्व साधनांची व्यवस्था पाहणाऱ्या मूलभूत आज्ञावलीच्या) नेहमीच्या कार्यपद्धतीचा परिणाम असते. तथापि काही वेळा तिच्यामागे आज्ञावलीतील खरा दोष असतो, तर काही वेळा कोणताही दोष नसताना माहिती गमावण्याचा धोका असतो. या तीन स्थिती एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे हे या निदानाचे उद्दिष्ट होय. पुढील विवेचन सर्व्हरवर विशेष प्रचारात असलेल्या लिनक्स या परिचालन प्रणालीस अनुसरून केले आहे. त्यातील मूलतत्त्वे इतर प्रणालींनाही लागू पडतात.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील संगणक केंद्रांपुरता मर्यादित नाही. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झालेल्या खानदेशात आज जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. या तीन जिल्ह्यांसाठी जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगावजवळील जैन हिल्स येथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या गांधी तीर्थ या संस्थेत महात्मा गांधींविषयीच्या कागदपत्रांचे अभिलेखागार आहे. धुळे येथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच शहरातील समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमविलेली रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते आहेत. विद्यार्थ्यांचे गुण, जुनी दप्तरे, हस्तलिखितांच्या प्रतिमा अशी एकदा गेली की पुन्हा सहजासहजी न मिळणारी माहिती जेथे डिस्कवर ठेवावयाची असते, तेथे डिस्कचे परीक्षण आधी करावे लागते आणि त्या परीक्षणाचा निष्कर्ष विश्वसनीय असावा लागतो. स्मृतिवापराचा अर्थ चुकीचा लावला, तर चांगला सर्व्हर सदोष ठरतो. त्याहून वाईट म्हणजे सदोष डिस्क चांगली ठरण्याची शक्यता असते.

इतिहास : पहिली व्यापारी चुंबकीय डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आपल्या ३०५ रॅमॅक या संगणकाबरोबर आणली. तिच्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून सर्व मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. डिस्कमध्ये यांत्रिक हालचाल असल्यामुळे ती मुख्य स्मृतीच्या मानाने फार मंद असते. ही तफावत भरून काढण्यासाठी वारंवार लागणारी माहिती जलद स्मृतीत ठेवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. मँचेस्टर विद्यापीठातील ॲटलस या संगणकात (१९६२) मुख्य स्मृती व चुंबकीय दंडगोल यांच्यातील माहितीची ने-आण ठराविक आकाराच्या पृष्ठांत आपोआप होत असे. १९६५ मध्ये मॉरिस विल्क्स यांनी मोठ्या व मंद स्मृतीच्या जोडीस लहान व जलद स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत डिस्कवरील खंड स्मृतीत राखून ठेवण्याची सोय होती. त्यांतील बदललेले खंड दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरविले जात. लिनस तोरवाल्द्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीने हेच तत्त्व पुढे चालविले. तिच्या २·४ या आवृत्तीत (२००१) फायलींसाठीचा व डिस्कच्या खंडांसाठीचा असे दोन वेगळे संचय एकत्र करण्यात आले.

पृष्ठसंचय : एखादी फाईल वाचली असता तिच्यातील मजकूर डिस्कवरून प्रथम मुख्य स्मृतीत येतो व तेथून मागणी करणाऱ्या आज्ञावलीस दिला जातो. काम संपल्यावरही तो मजकूर स्मृतीत तसाच राहू दिला जातो. पुन्हा मागणी झाल्यास डिस्ककडे जावे लागू नये, हा त्यामागील हेतू असतो. अशा रीतीने साठलेल्या पृष्ठांच्या समूहास पृष्ठसंचय किंवा व्यवहारात पेज कॅश म्हणतात. बहुतेक सर्व्हरांत एका पृष्ठाचा आकार ४,०९६ बाइट असतो. रिकामी स्मृती कोणत्याच उपयोगाची नसते. म्हणून दुसऱ्या कोणास गरज नसेल तोपर्यंत परिचालन प्रणाली ती पृष्ठसंचयासाठी वापरते. एखाद्या आज्ञावलीने स्मृती मागताच संचयातील अलीकडे न वापरलेली पृष्ठे सोडून देऊन ती जागा तिला दिली जाते. त्या पृष्ठांतील मजकूर डिस्कवर असतोच. त्यामुळे ती टाकून देण्यात काही हानी होत नाही.

डिस्क-परीक्षणात काही मिनिटांत शेकडो गिगॅबाइट (एक गिगॅबाइट म्हणजे सु. १०० कोटी बाइट) मजकुराची ये-जा होते. साहजिकच पृष्ठसंचय झपाट्याने वाढतो आणि स्मृती संपत आल्यावर स्थिर होतो. उदा., १६ गिगॅबाइट स्मृती असलेल्या एका कल्पित सर्व्हरवर परीक्षणापूर्वी १०·८ गिगॅबाइट स्मृती मुक्त, ३ गिगॅबाइट पृष्ठसंचयात, २ गिगॅबाइट आज्ञावलींकडे व ०·२ गिगॅबाइट परिचालन प्रणालीच्या गाभ्याकडे आहे, असे मानू. २०० गिगॅबाइटची फाईल वाचून झाल्यावर मुक्त स्मृती ०·४ व पृष्ठसंचय १३·४ गिगॅबाइट होतो; उरलेले दोन आकडे बदलत नाहीत. एकूण स्मृतीतून केवळ मुक्त स्मृती वजा करून वापर दाखविणाऱ्या साधनावर ही स्थिती ३२·५ टक्क्यांवरून ९७·५ टक्क्यांवर गेलेली दिसते. परंतु गरज पडल्यास मिळू शकणारी स्मृती दोन्ही वेळी १३ गिगॅबाइटच्या आसपासच असते. म्हणून मुक्त स्मृती किती यापेक्षा उपलब्ध होऊ शकणारी स्मृती किती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या दुसऱ्या राशीचा अंदाज देणारी मेमअव्हेलेबल ही नोंद लिनक्सच्या ३·१४ या आवृत्तीपासून (२०१४) मिळू लागली.

अलिखित पृष्ठे : लेखनाच्या बाबतीत स्थिती निराळी असते. आज्ञावलीने लिहिलेला मजकूर प्रथम पृष्ठसंचयात येतो व लेखन पूर्ण झाल्याचे तिला लगेच कळविले जाते. डिस्कवर तो नंतर उतरतो. मधल्या काळात त्या पृष्ठातील मजकूर डिस्कवर कोठेही नसतो. अशा पृष्ठांस व्यवहारात डर्टी म्हणतात. येथे त्यांना अलिखित पृष्ठे म्हटले आहे. लिनक्सच्या मूळ मांडणीप्रमाणे उपलब्ध स्मृतीच्या १० टक्के इतकी अलिखित पृष्ठे साठली की पार्श्वभूमीवर ती उतरविण्यास आरंभ होतो. त्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या मर्यादेकडे जाऊ लागले की लेखन करणाऱ्या आज्ञावलीसच थोपवून धरण्यात येते. कोणतेही अलिखित पृष्ठ ३० सेकंदांहून जुने झाले की ते उतरविण्यास पात्र ठरते. वितरकांनी वा व्यवस्थापकांनी हे आकडे बदललेले असू शकतात.

वरील उदाहरणातील सर्व्हरवर २० टक्के मर्यादेने सु. २·६ गिगॅबाइट मजकूर अलिखित राहू शकतो. सलग लेखन दर सेकंदास १३० मेगॅबाइट या वेगाने होत असल्यास तो उतरण्यास २० सेकंद लागतात. परंतु लेखन डिस्कवर विखुरलेल्या लहान लहान खंडांत असेल, तर फिरत्या डिस्कचा वेग दर सेकंदास २ मेगॅबाइट किंवा त्याहूनही कमी होऊ शकतो. अशा वेळी तेवढ्याच मजकुरास २० मिनिटांहून अधिक काळ लागतो. या काळात सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिल्यास तो गोठल्यासारखा भासतो आणि अधीर होऊन वीजपुरवठा तोडला की अलिखित मजकूर कायमचा नाहीसा होतो. परीक्षणातील स्मृतिवाढीचा खरा धोका हा आहे. एकूण स्मृती किती भरली यावरून तो कळत नाही. त्यासाठी डर्टी व राइटबॅक (उतरविण्याचे काम चालू असलेली पृष्ठे) या दोन नोंदी पाहाव्या लागतात.

वाढीची विविध कारणे : लिनक्समध्ये स्मृतीची खातेवही मेमइन्फो या नावाच्या फायलीत वाचावयास मिळते. कोणत्या खात्यात वाढ झाली यावरून कारण बरेचसे निश्चित करता येते.

(१) कॅश्ड हे खाते वाढल्यास फायलींचे लेखन-वाचन हे कारण होय. बफर्स हे खाते वाढल्यास फायलींऐवजी डिस्कचे खंड थेट वाचले जात असतात. डीडी या आज्ञावलीने संपूर्ण डिस्क तपासताना, थेट मार्गाचा पर्याय निवडलेला नसल्यास, असे घडते. ही दोन्ही खाती वाढणे सामान्यतः निरुपद्रवी असते.

(२) कॅश्ड या खात्याला एक अपवाद आहे. काही निर्देशिका (फायली ठेवण्याचे कप्पे) डिस्कवर नसून स्मृतीतच असतात. त्यांना टीएमपीएफएस म्हणतात. परीक्षणाची फाईल चुकून अशा निर्देशिकेत तयार केल्यास डिस्कचे परीक्षण होतच नाही, स्मृती मात्र भरत जाते. ही वाढ कॅश्ड या खात्यातच दिसते. परंतु ती पृष्ठे टाकून देता येत नाहीत, कारण त्यांची दुसरी प्रत कोठेही नसते. शमेम हे खाते त्याच प्रमाणात वाढलेले आढळल्यास हा प्रकार ओळखता येतो. फाईल पुसून टाकली व ती उघडून बसलेली आज्ञावली थांबविली की स्मृती मोकळी होते.

(३) लाखो लहान फायली निर्माण करणाऱ्या परीक्षणात स्लॅब हे खाते वाढते. फायलींची नावे, आकार, स्थान यांच्या नोंदी प्रणालीचा गाभा येथे ठेवतो. या खात्याचे परत मिळू शकणारा व न मिळू शकणारा असे दोन भाग असतात. पहिल्या भागातील वाढ पृष्ठसंचयासारखीच समजावी. दुसरा भाग सतत वाढत असल्यास गाभ्यात किंवा डिस्क-नियंत्रकाच्या चालक आज्ञावलीत दोष असण्याचा संशय घ्यावा लागतो.

(४) ॲनॉनपेजेस या खात्यातील वाढ एखाद्या आज्ञावलीने स्वतःसाठी घेतलेल्या स्मृतीची असते. ती परीक्षण करणाऱ्या आज्ञावलीचीही असू शकते. येन्स आक्सबो यांनी तयार केलेली एफआयओ ही आज्ञावली अनेक कामे एकाच वेळी चालवून प्रत्येक कामाच्या अनेक मागण्या डिस्ककडे प्रलंबित ठेवू शकते. ३२ कामे, प्रत्येकाच्या ६४ मागण्या व प्रत्येक मागणी एक मेगॅबाइटची असेल, तर त्यांसाठीच सु. २ गिगॅबाइट स्मृती लागते. ही वाढ आरंभीच होऊन स्थिर राहते. याउलट लिहिलेला प्रत्येक खंड नंतर पडताळून पाहावयाचा असल्यास कोठे काय लिहिले याची नोंद, तसेच प्रत्येक मागणीस लागलेल्या वेळेची नोंद ही आज्ञावली स्मृतीत जमा करीत जाते. ही वाढ परीक्षण संपेपर्यंत चालू राहते व गळतीसारखी भासते. वस्तुतः ती मागितलेल्या कामाचाच भाग असते. वेळेच्या नोंदी सरासरी काढून ठेवण्याचा पर्याय निवडल्यास ती बरीच कमी होते.

(५) झेडएफएस या फाईल-व्यवस्थेचा स्वतंत्र संचय असतो. तो निमरोद मेगिड्डो व धर्मेंद्र मोधा यांनी २००३ मध्ये मांडलेल्या अनुकूली पद्धतीवर आधारलेला आहे. लिनक्सवर हा संचय कॅश्ड या खात्यात धरला जात नाही. त्यामुळे सर्व खात्यांची बेरीज करूनही काही गिगॅबाइटांचा हिशेब लागत नाही. त्याचा आकार वेगळ्या नोंदीत पाहावा लागतो व त्यास कमाल मर्यादा घालता येते.

(६) एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालत असल्यास आतील प्रणालीचा पृष्ठसंचय बाहेरील प्रणालीस साध्या वापरासारखाच दिसतो. आत परीक्षण केले की बाहेरून पाहणाऱ्यास तो आभासी संगणक आपल्या वाट्याची सर्व स्मृती व्यापून बसल्याचे व परीक्षणानंतरही ती परत न दिल्याचे आढळते. आज्ञावलींच्या एखाद्या गटास स्मृतीची मर्यादा घातलेली असल्यास तिच्या हिशेबात पृष्ठसंचयही धरला जातो, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

स्मृतिगळती : आज्ञावलीने घेतलेली स्मृती काम संपल्यावर परत न करणे या दोषास स्मृतिगळती म्हणतात. गळती व संचय यांतील भेद पुढील तीन कसोट्यांनी ठरविता येतो. पहिली कसोटी आज्ञावली संपविण्याची आहे. कोणतीही आज्ञावली संपली की तिने स्वतःसाठी घेतलेली सर्व स्मृती प्रणाली परत घेते. म्हणून परीक्षण करणारी आज्ञावली बंद केल्यावरही टिकून राहिलेली वाढ त्या आज्ञावलीच्या गळतीमुळे असू शकत नाही; ती पृष्ठसंचयाची, स्मृतीतील फायलीची किंवा प्रणालीच्या गाभ्याची असली पाहिजे. दुसरी कसोटी संचय रिकामा करण्याची आहे. अलिखित पृष्ठे डिस्कवर उतरवून मग ड्रॉप कॅशेस ही सोय वापरली असता पृष्ठसंचय व स्लॅबमधील परत मिळणारा भाग मोकळा होतो. त्यानंतर स्मृती पूर्वस्थितीस आली, तर वाढ निरुपद्रवी होती असे सिद्ध होते. ही सोय निदानापुरतीच वापरावी. रोज ठराविक वेळी संचय रिकामा करण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. तिने स्मृती वाचत नाही, उलट तोच मजकूर पुन्हा डिस्कवरून आणावा लागल्याने सर्व्हर मंदावतो. तिसरी कसोटी पुनरावृत्तीची आहे. तेच परीक्षण तीन-चार वेळा केले असता संचयाची वाढ एका पातळीवर थांबते. गळतीची वाढ प्रत्येक वेळी जवळजवळ सारख्या पायऱ्यांनी चढत जाते. गाभ्यातील गळती शोधण्यासाठी केमेमलीक हे साधन लिनक्सच्या २·६·३१ या आवृत्तीपासून (२००९) उपलब्ध आहे.

स्मृती खरोखरच अपुरी पडू लागली की तिची लक्षणे वेगळी असतात. आज्ञावलींची पृष्ठे डिस्कवर हलविणे व परत आणणे सतत चालू राहते आणि उपयुक्त काम जवळजवळ थांबते. या अवस्थेचे विश्लेषण पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केले. स्मृतीच्या प्रतीक्षेत किती वेळ वाया गेला याचे मापन लिनक्सच्या ४·२० या आवृत्तीपासून (२०१८) करता येते. स्मृती मुळीच मिळेनाशी झाल्यास प्रणाली एखादी आज्ञावली निवडून बंद पाडते व तशी नोंद करून ठेवते. ही लक्षणे नसतील, तर केवळ ९७ टक्के वापर दिसतो म्हणून सर्व्हर पुन्हा चालू करण्याचे वा जादा स्मृती विकत घेण्याचे कारण नाही.

परीक्षणाच्या निष्कर्षावर होणारा परिणाम : पृष्ठसंचयामुळे सर्व्हर बिघडत नसला, तरी परीक्षणाचा निष्कर्ष मात्र बिघडू शकतो. परीक्षणाची फाईल स्मृतीपेक्षा लहान असल्यास दुसऱ्यांदा केलेले वाचन स्मृतीतूनच होते. ज्या डिस्कचा वेग दर सेकंदास १५० मेगॅबाइट आहे तिचा वेग अशा वेळी काही गिगॅबाइट दिसतो. म्हणून अशा परीक्षणात फाईल स्मृतीच्या निदान दुप्पट आकाराची घेण्याचा संकेत आहे. वेगातील ही चूक विसंगत आकड्यामुळे चटकन लक्षात येते.

पडताळणीतील चूक मात्र लपून राहते व ती अधिक घातक असते. हस्तलिखिताची प्रतिमा डिस्कवर लिहून लगेच मूळ प्रतिमेशी ताडून पाहिली, तर वाचन पृष्ठसंचयातून होते. दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात; परंतु येथे ताडून पाहिली गेली ती स्मृतीतील प्रत. डिस्कवर काय उतरले हे त्यावरून समजत नाही. डिस्कवरील तो खंड सदोष असल्यास ते काही महिन्यांनी, बहुधा मूळ प्रत हाताशी नसताना उघडकीस येते. हे टाळण्यासाठी लेखनानंतर सर्व पृष्ठे डिस्कवर उतरविण्याची आज्ञा द्यावी, पृष्ठसंचय रिकामा करावा किंवा सर्व्हर रीतसर बंद करून पुन्हा चालू करावा, आणि त्यानंतरच पडताळणी करावी. पृष्ठसंचय टाळून डिस्कशी थेट व्यवहार करण्याचा पर्यायही बहुतेक परीक्षण-आज्ञावलींत असतो. एकच परीक्षण संचयासह व थेट मार्गाने असे दोनदा केल्यास स्मृतिवाढीचे कारणही स्पष्ट होते. थेट मार्गाने वाढ नाहीशी झाली, तर ती पृष्ठसंचयाची होती. तशीच राहिली, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. डिस्कमध्येही स्वतःची लहान जलद स्मृती असते. म्हणून पडताळणी लेखनानंतर काही अवधीने व मोठ्या प्रमाणावर करणे इष्ट ठरते.

डिस्क स्वतःच्या अंतर्गत व्यवस्थेने करते ते स्मार्ट नावाचे परीक्षण यांहून निराळे आहे. त्यात मजकूर सर्व्हरच्या स्मृतीत येत नाही. ते चालू असताना स्मृतिवापर वाढल्यास त्याचा डिस्क-परीक्षणाशी संबंध नाही असे समजावे.

निदानाचा क्रम : परीक्षणापूर्वी मेमइन्फोमधील सर्व खात्यांची नोंद करावी, ही नोंद नसेल तर पुढील आकड्यांची तुलना कशाशीही करता येत नाही. परीक्षण चालू असताना दर मिनिटास त्याच नोंदी घ्याव्यात. वाढलेले खाते ओळखावे. उपलब्ध स्मृती व अलिखित पृष्ठे यांवर विशेष लक्ष ठेवावे. परीक्षण संपल्यावर आज्ञावली बंद करून, त्यानंतर संचय रिकामा करून, अशा दोन टप्प्यांत नोंदी घ्याव्यात. तरीही वाढ उरल्यास तेच परीक्षण पुन्हा करावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. फाईलचा आकार, कामांची संख्या व लेखनाचा मार्ग एकदम बदलल्यास कशाचा परिणाम काय झाला हे ठरविता येत नाही.

स्थानिक परिस्थितीचा विचार : परीक्षणाचा कालावधी आधी काढणे आवश्यक असते. ४ टेराबाइट (४,००० गिगॅबाइट) धारणक्षमतेची डिस्क दर सेकंदास सरासरी १५० मेगॅबाइट या वेगाने एकदा पूर्ण वाचण्यास सु. साडेसात तास लागतात. बॅडब्लॉक्सच्या लेखन-परीक्षणात चार प्रकारचे मजकूर प्रत्येकी एकदा लिहून एकदा वाचले जातात, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या होतात, त्यांस सु. ६० तास लागतात. हे परीक्षण डिस्कवरील आधीचा सर्व मजकूर नष्ट करते. म्हणून ते रिकाम्या डिस्कवरच करावयाचे असते. अडीच दिवस सतत चालणाऱ्या अशा कामात वीज जाण्याचा संभव कोठेही गृहीत धरावा लागतो. तापी खोऱ्यात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत त्या काळात हवा थंड राखणारे यंत्र बंद पडले, तर बंद खोलीतील डिस्क लवकर तापते. बहुतेक फिरत्या डिस्कांसाठी निर्माते सु. ६०° से. ही कमाल मर्यादा सांगतात. त्यामुळे दीर्घ परीक्षणे शक्यतो हिवाळ्यात करावीत. अन्य वेळी स्मृतीच्या नोंदींबरोबर डिस्कच्या तापमानाचीही नोंद घ्यावी.

यूपीएस (वीज गेल्यावर काही काळ पुरवठा करणारी विद्युत् घटमाला) किती मिनिटांची असावी, हेही अलिखित पृष्ठांच्या हिशेबावरून ठरते. तिचा काळ अलिखित मजकूर उतरण्यास व सर्व्हर रीतसर बंद होण्यास लागणाऱ्या काळाहून अधिक असला पाहिजे. तो कमी असल्यास अलिखित पृष्ठांची मर्यादा टक्क्यांऐवजी ठराविक बाइटांत, उदा., २०० मेगॅबाइट, अशी घालता येते. सलग लेखनाचा वेग त्यामुळे थोडा घटतो. परंतु एका वेळी धोक्यात असलेला मजकूर दहा-बारा पटींनी कमी होतो. सर्व्हर एकच असून त्याचा दुरुस्ती-तज्ञ दुसऱ्या शहरातून यावयाचा असेल, अशा संस्थेस हा व्यवहार लाभाचा ठरतो.

मर्यादा : डिस्क-परीक्षणात निर्दोष ठरलेली डिस्क पुढेही निर्दोष राहील असे नाही. गूगल या कंपनीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता असा दोष नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे दिसून आले. तथापि निकामी झालेल्या अनेक डिस्कांनी आधी कोणतीच सूचना दिली नव्हती, असेही त्या पाहणीत आढळले. यावरून दोष आढळलेली डिस्क तत्काळ बदलावी आणि दोष न आढळलेल्या डिस्कवरील मजकुराचीही दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, असे दोन नियम निघतात. त्या दुसऱ्या प्रतीची पडताळणीही पृष्ठसंचय वगळून, प्रत्यक्ष डिस्कवरून वाचूनच करावी लागते.